निरसे दूध, पाश्चराइज्ड दूध आणि लॅनार्कशायरची वीस हजार मुले

१/
फेब्रुवारी १९३०. स्कॉटलंडमधील लॅनार्कशायर हा कोळशाच्या खाणींचा आणि पोलादाच्या भट्ट्यांचा परगणा. तेथील ६७ शाळांतील सुमारे वीस हजार मुलांवर एक प्रयोग सुरू झाला. पाच हजार मुलांना रोज पाऊण पाइंट, म्हणजे सुमारे सव्वाचारशे मिलिलिटर, निरसे दूध मिळू लागले. आणखी पाच हजारांना तितकेच पाश्चराइज्ड दूध. उरलेल्या दहा हजारांना काहीच नाही. त्यांची केवळ उंची आणि वजन मोजायचे होते. चार महिने हा उपक्रम चालला. खर्च आला सुमारे साडेसात हजार पौंड.

२/
प्रश्न दोन होते. शाळेत दूध दिल्याने मुलांची वाढ अधिक होते काय? आणि निरसे दूध व पाश्चराइज्ड दूध यांच्यात वाढीच्या दृष्टीने काही फरक आहे काय? पहिल्या प्रश्नावर फारसे कोणी भांडत नव्हते. दुसऱ्यावरून मात्र ब्रिटन आणि अमेरिकेत चार दशके रणकंदन माजले होते. तेच रणकंदन आज काचेच्या देखण्या बाटलीत भरून, 'निसर्गाकडे परत चला' अशा चिठ्ठीसह पुणे-मुंबईच्या दारात येऊन उभे आहे. म्हणून त्याचा इतिहास पाहणे अगत्याचे.

(मराठीत न तापवलेल्या दुधाला 'निरसे' हा नेमका शब्द आहे. 'कच्चे दूध' हे अलीकडचे भाषांतर. या धाग्यात जुनाच शब्द वापरला आहे.)

३/
आरंभ पाश्चरपासून करण्याची प्रथा आहे. पण लुई पाश्चरचा दुधाशी संबंध फारसा नव्हता. १८६० च्या दशकात तो झगडत होता तो फ्रान्समधील वाइन नासू नये यासाठी. ठरावीक तापमानापर्यंत वाइन गरम केली की ती बिघडवणारे सूक्ष्मजीव मरतात आणि चवही फारशी जात नाही, एवढे त्याने दाखवले. तान्ह्या मुलांच्या बाटलीतील दुधाला उष्णता द्यावी, ही सूचना १८८६ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रान्झ फॉन सॉक्सलेट याने केली. नाव पाश्चरचे, दूध सॉक्सलेटचे.

४/
दुधाला उष्णता देण्याची वेळ का आली, हे कळण्यासाठी न्यूयॉर्कला जावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या शहराची लोकसंख्या इतक्या वेगाने फुगली की कुरणे दूर गेली आणि गाई शहरातच, दारूच्या भट्ट्यांना लागून बांधलेल्या अंधाऱ्या गोठ्यांत येऊन पडल्या. व्हिस्की काढून उरलेला गरम आंबोण नळीने थेट गव्हाणीत सोडला जाई. गाई आजारी पडत, त्यांच्या शेपट्या सडून गळत, आणि त्या उभ्या असेपर्यंत त्यांचे दूध काढले जाई. निळसर पातळ दूध दाट दिसावे म्हणून त्यात खडूची भुकटी किंवा पीठ घालत. १८५८ मध्ये 'फ्रँक लेस्लीज इलस्ट्रेटेड न्यूजपेपर' या सचित्र साप्ताहिकाने ही सारी चित्रे छापली, तेव्हा शहर हादरले. नगरपालिकेच्या काही सभासदांनी मात्र दारूभट्टीवाल्यांचीच पाठराखण केली. (भेसळ आणि नगरसेवक यांची मैत्री कोणत्याही एका देशाची मक्तेदारी नाही.) १८६२ मध्ये असे दूध विकण्यास बंदी करणारा राज्याचा कायदा आला.

५/
येथे एक गोष्ट ठळकपणे नोंदवली पाहिजे. आजचे निरशा दुधाचे समर्थक 'पूर्वीचे शुद्ध दूध' असा उल्लेख करतात, तेव्हा त्यांच्या मनात हिरव्या माळावरची गाय असते. पाश्चरीकरणाची चळवळ ज्या दुधाविरुद्ध उभी राहिली ते मात्र भट्टीच्या आंबोणावर जगणाऱ्या गाईचे होते. हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याला उत्तर देणे पाश्चरीकरणवाद्यांनी टाळू नये. उत्तर आहे, पण ते न्यूयॉर्कमध्ये सापडत नाही.

६/
आधी त्या काळच्या दोन वाटा पाहू. १८९३ हे साल मजेशीर आहे, कारण दोन्ही वाटा त्याच वर्षी फुटल्या.

न्यू जर्सीतील न्यूअर्क शहराचे डॉक्टर हेन्री कॉइट यांनी डॉक्टरांचे एक मंडळ स्थापले. कल्पना अशी की, दूध तापवायचे नाही. गोठाच इतका स्वच्छ ठेवायचा की तापवण्याची गरज पडू नये. पशुवैद्याने गाई तपासाव्यात, धार काढणाऱ्याने हात धुऊन स्वच्छ कपडे घालावेत, दूध तत्काळ थंड करून बाटलीबंद व्हावे, प्रयोगशाळेत जंतुसंख्या मोजावी. या कसोट्यांना उतरलेले दूध ते 'सर्टिफाइड मिल्क'. कल्पना निर्दोष होती. किंमत साध्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट होती.

७/
त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये नेथन स्ट्रॉस यांनी ईस्ट नदीच्या धक्क्यावर आपले पहिले दूधकेंद्र उघडले. स्ट्रॉस हे डॉक्टर नव्हते, 'मेसीज' या प्रसिद्ध दुकानाचे भागीदार, धनाढ्य व्यापारी होते. स्वतःची दोन अपत्ये त्यांनी गमावली होती. त्यांच्या केंद्रावर उष्णता दिलेले दूध बाटल्यांतून अल्प किमतीत मिळे. ज्याला तेही परवडत नसे त्याला फुकट. वस्तीतील स्थलांतरित बायका उन्हाळ्यात रांगा लावत. उन्हाळ्यातच का? कारण तान्ही मुले अतिसाराने मरत ती उन्हाळ्यात.

८/
कॉइट आणि स्ट्रॉस या दोघांचाही हेतू निर्मळ होता. फरक एकाच प्रश्नात होता: गोठा सुधारेपर्यंत त्या बाईने काय करावे? कॉइट यांच्या योजनेत तिच्यासाठी उत्तर नव्हते. 'सर्टिफाइड' दूध अमेरिकेच्या एकूण दुधात अखेरपर्यंत चिमूटभरच राहिले. जे घर त्याची किंमत देऊ शके, त्या घरातील मूल तसेही इतर अनेक बाबतींत सुरक्षित होते.

९/
तथापि पाश्चरीकरणाच्या विरोधकांना खुळे ठरवण्याची घाई नको. त्यांचे निदान तीन आक्षेप वजनदार होते.

पहिला लबाडीचा. १९०० च्या आसपास अनेक मोठे दूधव्यापारी दूध क्षणभर, कसेबसे गरम करत. ते ग्राहकाच्या आरोग्यासाठी नव्हे, शिळे दूध आणखी एक दिवस टिकावे म्हणून, आणि ग्राहकाला न सांगता. घाणेरड्या दुधाची घाण उष्णतेने जात नाही, ती फक्त शिजते. पाश्चरीकरण म्हणजे गलिच्छ गोठ्याला मिळालेला परवाना, असे डॉक्टर म्हणत ते याचमुळे.

दुसरा पोषणाचा. उष्णतेने दुधातील आधीच थोडे असलेले क जीवनसत्त्व घटते. केवळ अशा दुधावर वाढणाऱ्या तान्ह्या मुलांत स्कर्व्हीची लक्षणे दिसत, न्यूयॉर्कचे डॉ. आल्फ्रेड हेस यांनी १९१० च्या दशकात ती नोंदवली आहेत. उपाय स्वस्त होता: रोज चमचाभर संत्र्याचा रस. पण आक्षेप खोटा नव्हता.

तिसरा यंत्राचा. पाश्चरीकरणाचे यंत्र महाग. ज्याच्याकडे चार गाई आहेत तो ते विकत घेऊ शकत नाही. मग तो ज्याच्याकडे यंत्र आहे त्याच्या दारात उभा राहतो आणि भाव तो ठरवतो. या तिसऱ्या आक्षेपाकडे पुढे पुन्हा यायचे आहे, कारण त्याचे सर्वांत चांगले उत्तर आपल्याच शेजारी, गुजरातमध्ये सापडते.

१०/
दरम्यान शास्त्र पुढे सरकत होते, कधी अडखळत. क्षयाचा जंतू शोधणारे रॉबर्ट कॉख यांनी १९०१ मध्ये लंडनच्या क्षयपरिषदेत जाहीर केले की, गाईच्या क्षयापासून माणसाला म्हणण्यासारखा धोका नाही. सभागृहात खळबळ माजली. एवढा मोठा माणूस असे म्हणतो, म्हटल्यावर दूधधंद्याला आयतेच कोलीत मिळाले. ब्रिटिश सरकारने त्याच वर्षी रॉयल कमिशन नेमले आणि दहा वर्षांच्या तपासाअंती, १९११ मध्ये, निष्कर्ष निघाला तो कॉख यांच्या विरुद्ध: गाईचा क्षय दुधातून माणसाला, विशेषतः मुलांना, होतो. गंडमाळा, हाडांचा क्षय, पोटाचा क्षय अशी त्याची रूपे.

अमेरिकेत मिल्टन रोझेनाऊ यांनी याच सुमारास दाखवले की, ६० अंश सेल्सियसवर वीस मिनिटे ठेवल्यास दुधातील रोगजंतू मरतात आणि दुधाला 'शिजका' वासही लागत नाही. १९०८ मध्ये शिकागोने पाश्चरीकरणाचा नियम केला. अमेरिकेतील मोठ्या शहरांत तो पहिला. त्यातही क्षयचाचणी झालेल्या गाईंच्या दुधाला सवलत होती. अर्धा विजय कॉइट यांच्या विचारालाही मिळाला होता, असे म्हणता येईल.

११/
आता पाचव्या भागातील आक्षेपाचे उत्तर. ते भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर आहे.

माल्टात दुधाची भेसळ अशक्य होती. गवळी शेळ्यांचा कळप घेऊन गल्लीतून फिरे, दारासमोर थांबे, आणि घरधनिणीच्या देखत तिच्याच भांड्यात धार काढे. त्या दुधात पाणी पडायला वाव नव्हता, मध्ये दलाल नव्हता, ते शिळेही नव्हते. जनावर डोळ्यांसमोर, धष्टपुष्ट. आज जाहिरातीत जे जे वचन दिले जाते ते सारे माल्टाच्या गृहिणीला रोज सकाळी उंबरठ्यावर मिळत होते.

१२/
आणि माल्टाचा ताप त्या बेटावर घर करून होता. महिनोन्महिने चढ-उतार होणारा ज्वर, सांधेदुखी, घाम, खिन्नता. तेथील ब्रिटिश सैनिक शेकड्यांनी रुग्णालयात पडत. १८८७ मध्ये सैन्यातील डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांनी त्याचा जंतू मृत सैनिकांच्या प्लीहेतून वेगळा केला. पण तो येतो कोठून, हे अठरा वर्षे कळले नाही. हवा, पाणी, डास, धूळ, सर्वांवर संशय घेऊन झाला. १९०५ मध्ये माल्टाचे डॉक्टर थेमिस्टोक्लीस झामिट यांनी शेळ्यांचे रक्त तपासले. दिसायला अगदी निरोगी शेळ्यांत तो जंतू सापडला, आणि मग त्यांच्या दुधातही.

१९०६ मध्ये सैनिकांच्या आहारातून शेळीचे निरसे दूध बंद झाले. त्यांच्यातील रोग झपाट्याने ओसरला. बेटावरील सामान्य लोक मात्र पूर्वीचेच दूध पीत राहिले आणि तापत राहिले. पाश्चरीकरणाचे केंद्र तेथे यायला १९३८ साल उजाडले.

(इतिहासप्रेमींसाठी एक भर: हेच झामिट पुढे माल्टातील तार्शियनच्या प्रागैतिहासिक मंदिरांचे उत्खनन करणारे पुरातत्त्वज्ञ म्हणून प्रसिद्ध झाले. एकाच माणसाने एका बेटाचा रोग आणि त्याचा भूतकाळ, दोन्ही खणून काढले.)

१३/
माल्टाची कथा या संपूर्ण वादाचा कणा आहे, आणि ती पुरेशी सांगितली जात नाही. स्वच्छ गोठा, ओळखीचा गवळी, डोळ्यांदेखत धार यांमुळे भेसळीपासून संरक्षण मिळते, घाणीपासूनही बऱ्याच अंशी मिळते. जनावराच्या रक्तात लपलेल्या रोगापासून मिळत नाही. तो रोग जनावराच्या कातडीवर दिसत नाही, दुधाच्या चवीत लागत नाही, आणि गवळ्याच्या प्रामाणिकपणाशी त्याचा काही संबंध नसतो. 'आमचा गवळी विश्वासू आहे' हे वाक्य खरे असूनही येथे उपयोगी पडत नाही.

१४/
पुढचा अध्याय ॲलिस इव्हान्स यांचा. अमेरिकेच्या कृषिखात्यात दुधातील जंतूंवर काम करणारी ही संशोधक. १९१७ मध्ये तिने मांडले की, माल्टाच्या शेळीतील जंतू आणि गाईंचा गर्भपात घडवणारा जंतू हे एकमेकांचे अत्यंत निकटचे नातलग आहेत. म्हणून गाईचे निरसे दूधही माणसाला हा ताप देऊ शकते. १९१८ मध्ये निबंध छापून आला. प्रतिसाद थंड होता. तिच्याजवळ डॉक्टरेट नव्हती, ती स्त्री होती, आणि एवढी ठळक गोष्ट आजवरच्या थोर जंतुशास्त्रज्ञांच्या नजरेतून सुटलीच कशी, हा प्रश्न त्या थोरांना अवघड जात होता. थिओबाल्ड स्मिथ यांच्यासारख्या दिग्गजाने तिच्या निष्कर्षावर उघड अविश्वास दाखवला.

१९२२ मध्ये प्रयोगशाळेत काम करताना तिलाच त्या जंतूची लागण झाली. पुढे सुमारे वीस वर्षे तो ताप अधूनमधून परतत राहिला. काही काळ तर डॉक्टरांनी तिचे दुखणे मनाचे खेळ ठरवले. १९२८ मध्ये अमेरिकन जंतुशास्त्रज्ञांच्या संस्थेची ती पहिली स्त्री अध्यक्ष झाली. एव्हाना जगभरातून तिच्या म्हणण्याला पुष्टी मिळत होती. ब्रुसेलोसिस हे नाव आज त्या रोगाला आहे. ब्रूसच्या नावावरून, इव्हान्सच्या नव्हे.

१५/
आता लॅनार्कशायरकडे परतू. प्रयोग संपला, लेटन आणि मॅकिन्ले यांचा अहवाल आला: दूध पिणाऱ्या मुलांची वाढ अधिक, आणि निरसे-पाश्चराइज्ड दोन्हींचा परिणाम सारखाच. वाद मिटला म्हणायचे. पण १९३१ मध्ये रोनाल्ड फिशर आणि बार्टलेट यांनी 'नेचर'मध्ये त्याच आकड्यांची पुन्हा मांडणी करून कौल निरशा दुधाच्या बाजूने दिला. फिशर म्हणजे आधुनिक संख्याशास्त्राचा अर्धा पाया. निरसे-पक्षाला याहून मोठा साक्षीदार कोठून मिळणार?

१६/
त्याच वर्षी 'स्टुडंट' या टोपणनावाने एक निबंध प्रसिद्ध झाला. लेखक विल्यम गॉसेट, डब्लिनच्या गिनेस मद्यालयातील नोकर. कंपनी स्वतःच्या नावाने लिहू देत नसे, म्हणून हे नाव. संख्याशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला घाम फोडणारी 'टी-चाचणी' याचीच. (गंमत पहा: दुधाचा निवाडा करायला बीयरच्या कारखान्यातील माणूस यावा.) गॉसेट यांनी आकड्यांना हात घालण्याआधी ते आकडे कसे जमले, हे पाहिले. जे सापडले ते ऐकण्यासारखे आहे.

१७/
दूध कोणाला मिळणार, हे शाळेत चिठ्ठ्या टाकून किंवा आडनावाच्या अक्षरक्रमाने ठरायचे होते. परंतु एखाद्या गटात फारच सुदृढ किंवा फारच अशक्त मुले आली तर बदल करण्याची मुभा शिक्षकांना होती. आता शिक्षकाच्या जागी स्वतःला ठेवून पहा. समोर एक हाडकुळे पोर आहे, आणि एका सहीने त्याला चार महिने दूध मिळणार आहे. शिक्षकांनी जे केले ते कोणीही केले असते. परिणाम असा की, दूध न मिळालेली मुले प्रयोगाच्या पहिल्याच दिवशी दूध मिळालेल्या मुलांहून उंच आणि वजनदार होती. अंतर थोडेथोडके नव्हते, काही महिन्यांच्या वाढीइतके होते.

१८/
दुसरी गोष्ट कपड्यांची. मुलांचे वजन कपड्यांसह केले गेले. पहिले फेब्रुवारीच्या थंडीत, दुसरे जूनच्या उबेत. सुखवस्तू घरातील मूल फेब्रुवारीत लोकरीने लपेटलेले असते आणि जूनमध्ये हलके होते. गरीब घरातील मुलाकडे बाराही महिने तेच कपडे. म्हणजे तराजूवर घटले ते सुखवस्तू मुलाचे कपडे, आणि वहीत लिहिले गेले ते त्याचे 'कमी भरलेले' वजन.

आणि तिसरी, आपल्या वादाच्या मुळाशी जाणारी: एका शाळेत एकाच प्रकारचे दूध दिले गेले होते. निरसे एका शाळेत, पाश्चराइज्ड दुसऱ्या शाळेत. म्हणजे निरसे विरुद्ध पाश्चराइज्ड ही तुलना मुळात या गावाची मुले विरुद्ध त्या गावाची मुले, या शिक्षकाची दया विरुद्ध त्या शिक्षकाची दया, अशी होती. फिशर यांचे गणित चोख असेल. गणिताखालची जमीनच भुसभुशीत होती. गॉसेट यांनी सुचवले की, एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्या मुलांच्या पन्नास जोड्या घ्या, एकाला हे दूध, दुसऱ्याला ते द्या; खर्च या प्रयोगाच्या शेकडा एक-दोन इतकाच येईल आणि उत्तर अधिक भरवशाचे मिळेल.

१९/
एक तपशील मात्र दोन्ही बाजूंच्या लेखनात कोपऱ्यात पडतो. लॅनार्कशायरच्या मुलांना दिलेले निरसे दूध साधे नव्हते. ते 'ग्रेड ए, ट्युबरक्युलिन टेस्टेड', म्हणजे क्षयचाचणीत निर्दोष ठरलेल्या गाईंचे होते. ते तसेच असायला हवे होते. अन्यथा मुलांना देणे हा गुन्हाच ठरला असता. परंतु १९३४ मध्ये गाउलंड हॉपकिन्स यांच्या समितीचा जो अंदाज प्रसिद्ध झाला, त्यानुसार ब्रिटनमधील किमान ४० टक्के दुभत्या गाई क्षयचाचणीत सकारात्मक ठरल्या असत्या. प्रयोगात तुलना झाली ती देशातील सर्वोत्तम निरशा दुधाची. बाजारात मिळत होते ते निराळेच. आजही निरसे-पाश्चराइज्ड वादात हीच चूक घडते: एका पारड्यात आदर्श गोठ्याचे निरसे दूध, दुसऱ्यात कारखान्यातील पिशवी. तुलना करायचीच तर त्याच गोठ्याचे तेच दूध, एकदा तापवून आणि एकदा न तापवता, अशी करावी लागेल.

२०/
भारतात हा वाद शतकभर का पेटला नाही? कारण सोपे आहे. येथे दूध घरात आले की पातेल्यात जाते आणि चुलीवर चढते. ते उतू जाऊ नये म्हणून कोणीतरी तेथे उभे राहते. साय धरते, विरजण लागते. उकळण्यात उष्णता पाश्चरीकरणाहून कितीतरी अधिक. (घरात पाश्चराइज्ड पिशवी आणूनही ती पुन्हा उकळली जाते, हा भाग वेगळा.) इंग्रज किंवा अमेरिकन माणूस दूध थंडच, जसे आले तसे पेल्यात ओततो. पाश्चरीकरण कारखान्यात व्हावे लागले ते तेथील स्वयंपाकघरात ते होत नव्हते म्हणून.

२१/
येथे आयुर्वेदाचा दाखला हमखास दिला जातो, म्हणून तोही पाहू. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त धारोष्ण दुधाला अमृताची उपमा आहे. निरसे दूध विकणारे तेवढेच छापतात. परंतु त्याच श्लोकात निरसे दूध पचायला जड आणि अभिष्यंदी म्हटले आहे, आणि बेताने तापवलेले दूध त्याच्या उलट, म्हणजे हलके. अति आटवलेले पुन्हा जड. धारोष्ण म्हणजे धारेची ऊब अंगात असतानाचे. पहाटे काढून, बर्फात ठेवून, टेम्पोने साठ किलोमीटर आणलेले दूध वाग्भटाच्या वर्गवारीत अमृताच्या बाजूला बसत नाही. ते जड, अभिष्यंदी बाजूलाच पडते. ग्रंथप्रामाण्य मानायचे तर संपूर्ण श्लोकाचे मानावे.

२२/
आता नवव्या भागातील तिसरा आक्षेप: यंत्र ज्याच्या हाती, शेतकरी त्याच्या मुठीत. तो आक्षेप आणंदमध्ये अक्षरशः खरा ठरला होता. १९४५ मध्ये 'बॉम्बे मिल्क स्कीम' सुरू झाली. आणंदचे दूध पाश्चराइज करून चारशेहून अधिक किलोमीटरवरील मुंबईला आणायचे. यंत्र आणि ठेका दोन्ही पॉलसन कंपनीकडे. त्यामुळे खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्याला मिळेल तो भाव घ्यावा लागे. शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूध न घालण्याचा संप केला, आणि डिसेंबर १९४६ मध्ये त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली खेडा जिल्हा सहकारी दूध संघाची नोंदणी झाली. १९४८ मध्ये संघाने मुंबईसाठी स्वतः दूध पाश्चराइज करण्यास आरंभ केला. यंत्र तेच, तापमान तेच, मालक बदलला. लहान शेतकऱ्याच्या नावाने पाश्चरीकरणाला विरोध करणाऱ्यांनी हा इतिहास एकदा तरी वाचावा.

मुंबईत त्याच काळात दारा खुरोडी यांनी शहरातील तबेल्यांमधील म्हशी आरेच्या टेकड्यांवर हलवल्या आणि १९४९ पासून आरे दुग्धवसाहत उभी राहिली. गोठा सुधारणे आणि दूध तापवणे, कॉइट आणि स्ट्रॉस, दोघेही तेथे एकाच कुंपणात आले.

२३/
पाश्चरीकरण म्हणजे अमरपट्टा नव्हे. १९८५ मध्ये शिकागोजवळच्या एका दुग्धालयाच्या पाश्चराइज्ड दुधातून साल्मोनेलाची साथ पसरली आणि सोळा हजारांहून अधिक रुग्णांची निश्चिती झाली. यंत्रातील चूक एका गोठ्यापुरती राहत नाही, ती शहरभर वाटली जाते. पाण्याची भेसळ, युरियाची भेसळ, जनावरांना दिलेल्या प्रतिजैविकांचे अंश, यांपैकी काहीही उष्णतेने जात नाही. निरशा दुधाचे समर्थक गोठ्याविषयी प्रश्न विचारतात ते योग्यच आहे. ते प्रश्न पाश्चराइज्ड दूध पिणाऱ्यांनीही विचारायला हवेत. केवळ दूध न तापवणे हे त्या प्रश्नांचे उत्तर नव्हे.

२४/
मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतील दुभत्या गाईंत एच-फाइव्ह-एन-वन हा पक्ष्यांचा फ्लू आढळला आणि त्यांच्या दुधात विषाणूचे प्रमाण प्रचंड निघाले. टेक्सासमधील गोठ्यांवर ते निरसे दूध प्यालेली मांजरे मेली. पाश्चरीकरणाने हा विषाणू निष्प्रभ होतो. १९०५ मध्ये शेळीच्या रक्तात जे लपले होते त्याचे नाव आधी कोणाला ठाऊक नव्हते. २०२४ मध्येही, पहिली गाय आजारी पडेपर्यंत, या पाहुण्याची कल्पना कोणत्याही दक्ष गोठेवाल्याला नव्हती.

२५/
भारतात ब्रुसेलोसिस संपलेला नाही. २०१९ मध्ये केंद्र सरकारने लाळ्या-खुरकुत रोगासह ब्रुसेलोसिसच्या निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना लस टोचली जाते. 'देशी गाय', 'ए-टू', 'काचेची बाटली', 'स्पर्शविरहित धार' ही विशेषणे निरशा दुधाच्या जाहिरातीत ठळक अक्षरांत असतात. ते दूध घेणाऱ्याने विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारावेत: कळपाची क्षय आणि ब्रुसेलोसिसची चाचणी शेवटची कोणत्या तारखेला झाली, आणि तिचा कागद पाहायला मिळेल काय? कागद मिळाला तर उत्तमच. मिळो वा न मिळो, दूध घरी आले की पातेले चुलीवर ठेवायला पाच मिनिटे पुरतात.